कटवॉटरवरचे खड्डे: ॲल्युमिनियमचा ग्रेड बदलून कॅव्हिटेशन थांबेल का?

कॅव्हिटेशन म्हणजे वाहत्या द्रवात वाफेचे बुडबुडे होऊन मिटणं आणि त्यांच्या माराने धातू झिजणं. प्रश्न थोडक्यात असा. जनरेटर सेटच्या डिझेल इंजिनाला लागणाऱ्या कूलंट पंपाची बॉडी तुम्ही एलएम-६ या ॲल्युमिनियम-सिलिकॉन मिश्रधातूत ग्रॅव्हिटी डाय कास्टिंगने (धातूच्या साच्यात, म्हणजे डायमध्ये, नुसतं ओतून) बनवता; आतला व्होल्यूट (इंपेलरभोवतीची शंखासारखी पोकळी) सँड कोअरवर, म्हणजे वाळूच्या गाभ्यावर, येतो. फील्डमधून परत आलेल्या बॉड्यांमध्ये कटवॉटरच्या (व्होल्यूटमधून प्रवाह डिस्चार्जकडे, म्हणजे बाहेरच्या वाटेकडे, सुटतो तिथल्या जिभेच्या) टोकावर आणि त्याच्या डिस्चार्जकडच्या अंगाला खड्डे दिसतात, एखाद-दुसरी बॉडी आरपार गेली आहे. ग्राहक म्हणतो, ‘कॅव्हिटेशन रेझिस्टंट ग्रेड द्या.’ तुमच्यासमोर तीन पर्याय आहेत: एलएम-२५ टी-६ (टी-६ म्हणजे तापवून, थंड करून कडक केलेली अवस्था), एडीसी-१२ या ग्रेडमध्ये प्रेशर डाय कास्टिंग (दाबाने धातू डायमध्ये भरणं), किंवा आहे त्याच बॉडीला हार्ड ॲनोडायझिंग (पृष्ठभागावर कडक ऑक्साइडचा थर चढवणं). यातलं काय घ्यावं?

तिघांतून निवडायचंच असेल तर एलएम-२५ टी-६ घ्या. पण ग्राहकाला ‘आता खड्डे पडणार नाहीत’ असं लिहून देऊ नका. कॅव्हिटेशनला दाद न देणारा ग्रेड कास्ट ॲल्युमिनियममध्ये नाही. स्टेनलेस स्टील किंवा निकेल-ॲल्युमिनियम ब्राँझच्या शेजारी ठेवलं तर आपले सगळेच ग्रेड कच्चे आहेत. आपसात फरक आहे आणि तो कामाचाही आहे, पण तो आयुष्य वाढवणारा फरक आहे, रोग बरा करणारा नाही. आणि तुमच्या बाबतीत कटवॉटरच्या टोकाजवळच्या पंधरा-वीस मिलिमीटरच्या पट्ट्यात कास्टिंग कसं उतरलंय, हे इन्गॉटवर (कच्च्या धातूच्या विटेवर) कोणता शिक्का आहे यापेक्षा जास्त महत्त्वाचं ठरणार आहे. का, ते जरा सविस्तर सांगतो.

आधी परत आलेली एक बॉडी कापा. कटवॉटरमधून आडवा सेक्शन घ्या आणि खड्डे दहापट भिंगाखाली बघा. कॅव्हिटेशनचा खड्डा खरखरीत, आत आत पोखरत गेलेला, कडा तीक्ष्ण आणि तळ बऱ्यापैकी स्वच्छ करडा असा दिसतो. खड्ड्याभोवतीचा पृष्ठभाग निस्तेज झालेला असतो, जणू सँडब्लास्ट केलाय, आणि ही निस्तेज जागा अचानक संपते. दोन मिलिमीटर पलीकडे कोअरचा मूळ पोत जसाच्या तसा असतो. पांढरी भुकटी किंवा जेलीसारखा थर भरलेला असेल आणि खड्डे बॉडीभर विखुरलेले असतील तर ते गंजणं आहे. प्रवाहाच्या दिशेने गुळगुळीत चरे ओढले गेले असतील तर कूलंटमध्ये वाळू किंवा गंजाचे कण फिरताहेत. त्यात बहुतेक वेळा तुमच्याच कोअरची वाळू असते, हे ग्राहकाने म्हणण्याआधी तपासलेलं बरं. तिन्ही प्रकार एकाच बॉडीवर मिळू शकतात. तरीही खड्डे फक्त कटवॉटरवर आणि एकाच बाजूला असतील तर मुख्य आरोपी कॅव्हिटेशनच.

आता मार किती जोराचा आहे ते पाहू. प्रवाहाचा वेग एखाद्या जागी इतका वाढतो की तिथला दाब द्रवाच्या बाष्पदाबाखाली जातो, वाफेचे बुडबुडे तयार होतात, आणि पुढे दाब पुन्हा वाढला की ते मिटतात. लॉर्ड रॅले यांनी १९१७ मध्ये अशा मिटणाऱ्या पोकळीचं गणित मांडलं, तेव्हा ब्रिटनमध्ये जहाजांच्या प्रोपेलरांची झीज हा प्रश्न ऐरणीवर होता. भिंतीलगतचा बुडबुडा गोल राहून मिटत नाही; त्याची लांबची बाजू आत घुसते आणि भिंतीकडे द्रवाची बारीक धार सुटते, तिचा वेग सेकंदाला शंभर मीटरच्या घरात. धातूवर पडणारा क्षणिक दाब शेकडो मेगापास्कल. एलएम-६ ची यील्ड स्ट्रेंग्थ (ज्या ताणाला धातू कायमचा वाकतो) ७०-८० मेगापास्कल आहे. म्हणजे जोराचा प्रत्येक फटका पृष्ठभागाला थोडा कायमचा वाकवतो, आणि असे फटके सेकंदाला हजारोंनी बसतात. ही झीज नुसती घासली जाण्याची नाही, ती फटीगची, म्हणजे पुन्हापुन्हा मार खाऊन धातू थकण्याची आहे. ही एक गोष्ट डोक्यात पक्की बसली की पुढचं सगळं सरळ कळतं.

मी फाउंड्रीतला माणूस, हायड्रॉलिक्सवाला नाही. पण ग्रेड बदलण्याआधी रेडिएटरची कॅप बघा असं मी नेहमी सांगतो, आणि त्यामागचं गणित कुणालाही पाकिटाच्या पाठीवर करता येतं. नव्वद अंश सेल्सिअसला पाण्याचा बाष्पदाब सुमारे ७० किलोपास्कल असतो. समुद्रसपाटीला हवेचा दाब १०१. कॅप गळकी असेल, सिस्टिमवर दाबच नसेल, तर बुडबुडे होण्याआधी हाताशी उरतात ३१ किलोपास्कल, म्हणजे जेमतेम सव्वातीन मीटर पाण्याचा स्तंभ. त्यातून होजमधलं नुकसान वजा करा. हाच सेट ०.९ बारच्या धडधाकट कॅपवर चालला तर शिल्लक जाते १२१ किलोपास्कलवर, पावणेतेरा मीटर. चौपट फरक, तोही काही रुपयांच्या कॅपने. पुण्यात, साडेपाचशे मीटर उंचीवर, हवेचा दाब मुळातच सहा-साडेसहा किलोपास्कल कमी. कॅप गेज दाबावर उघडते, त्यामुळे उंचीचा हा तोटा ती भरून काढत नाही. ग्लायकॉल मिसळल्याने बाष्पदाब थोडा खाली येतो, तेवढाच दिलासा. ज्या साइट्सवरून बॉड्या परत आल्या तिथल्या कॅप मागवा आणि टेस्टरवर लावून पाहा.

पंपवाले लगेच म्हणतील की आमचा एनपीएसएच (पंपाच्या तोंडाशी बाष्पदाबाच्या वर उरणारा दाब) पुरेसा आहे. त्यांच्या कॅटलॉगमधला आवश्यक एनपीएसएच म्हणजे हेड (पंप द्रवाला देतो तो दाब) तीन टक्क्यांनी पडतो तो बिंदू. हेड पडायला लागेपर्यंत आत कॅव्हिटेशन चांगलंच मुरलेलं असतं. पहिला बुडबुडा त्याच्या कितीतरी आधी, बऱ्याचदा दुपटी-तिपटीपेक्षा जास्त एनपीएसएचला येतो. ब्राँझचा इंपेलर तेवढं निमूट सोसतो, ॲल्युमिनियम सोसत नाही.

शिवाय खड्ड्यांची जागा बोलते. कटवॉटर हा डिस्चार्जजवळचा भाग, तिथे दाब एरवी चांगला असतो. तिथे कॅव्हिटेशन होतंय आणि तेही डिस्चार्जकडच्या अंगाला, याचा अर्थ पंप डिझाइनपेक्षा बराच जास्त फ्लो देतोय आणि प्रवाह टोकाला वळसा घालून पलीकडे सुटतोय. खड्डे इंपेलरकडच्या अंगाला असते तर उलटं म्हटलं असतं, फ्लो कमी पडतोय. तुमच्या केसमध्ये पंपाची पुली बदललीय का, किंवा एका इंजिनासाठी बनवलेला पंप कमी रेझिस्टन्सच्या दुसऱ्या रेडिएटरवर बसवलाय का, हे विचारा. कॅव्हिटेशनची झीज प्रवाहाच्या वेगाच्या साधारण सहाव्या घाताने वाढते असा ढोबळ नियम आहे. वेग दहा टक्क्यांनी वाढला तर झीज पावणेदोन पट. कुणी पुली लहान करून वेग वीस टक्क्यांनी वाढवला असेल तर झीज जवळजवळ तिप्पट होते, आणि ती भरपाई कोणताही एलएम करून देणार नाही.

आता आपल्या अंगणात येऊ. सेक्शन कापलाच आहे तर न वापरलेल्या एका बॉडीचं कटवॉटरचं टोकही कापून शेजारी ठेवा. कोअरचे दोन अर्ध जिथे जुळतात ती पार्टिंग लाइन बहुतेक डिझाइनमध्ये बरोबर कटवॉटरच्या टोकावरून जाते. तिथे फिन, म्हणजे जोडात शिरलेल्या धातूची पातळ कड, येते. फेटलिंगवाल्याचा (कास्टिंग साफ करणाऱ्याचा) हात आतपर्यंत पोचत नाही, म्हणून तो दिसते तेवढी मोडतो आणि अर्धा-पाऊण मिलिमीटरची ठेंगणी कड मागे राहते. ड्रॉइंगमध्ये ती कुठेच नाही, इन्स्पेक्शनला बोअर आणि फेस मोजतात, ती कड कुणी मोजत नाही. पण वेगवान प्रवाहासमोर उभी असलेली प्रत्येक पायरी तिच्या मागे दाब पाडते. बुडबुडे तिथूनच सुरू होतात. झिजलेल्या बॉडीत खड्ड्यांची पहिली ओळ त्या कडेला समांतर असेल तर तुमचं निम्मं उत्तर मिळालं. कोअर बॉक्सची जुळणी सुधारा, टोकाला दीड-दोन मिलिमीटरची गोलाई ठेवा, आणि आत जाणाऱ्या लांब शँकच्या रोटरी बरने ती कड साफ करायची एक ऑपरेशन राउटिंगमध्ये (कामाच्या ठरलेल्या पायऱ्यांत) घाला. खर्च किरकोळ आहे.

फिननंतर धातू. एलएम-६ मध्ये १० ते १३ टक्के सिलिकॉन असतं, म्हणजे जवळजवळ पूर्णच युटेक्टिक (दोन्ही घटक एकत्रच गोठणारं मिश्रण): मऊ ॲल्युमिनियममध्ये ठिसूळ सिलिकॉनची जाळी. मॉडिफाय केलं नाही (म्हणजे मेल्टमध्ये सोडियम किंवा स्ट्राँशियम घालून सिलिकॉन बारीक केलं नाही) तर हे सिलिकॉन पात्यांच्या आकारात गोठतं, सेक्शनमध्ये सुया दिसतात. बुडबुड्यांचा मार सुरू झाला की पहिल्यांदा मऊ ॲल्युमिनियम दबतं, पृष्ठभाग उंचसखल होतो. सुई वाकू शकत नाही, ती तुटते किंवा बाजूच्या ॲल्युमिनियमपासून सुटते. सुटलेल्या फटीत पाणी शिरतं, तिथेच पुढचा बुडबुडा मिटतो, आणि सुई आख्खी निघून जाते. तिच्या जागी राहिलेला खड्डा पुढच्या बुडबुड्यांना घर देतो. म्हणून सुरुवातीला बराच काळ वजनात काहीच घट दिसत नाही आणि एकदा सुरू झाली की झपाट्याने वाढते. सुया जितक्या लांब तितकी ही साखळी लवकर सुरू होते.

यातून तीन गोष्टी निघतात. एक, सिलिकॉन ज्यात रुतलेलं असतं ते ॲल्युमिनियम घट्ट हवं, म्हणजे ते कमी दबेल. दोन, सिलिकॉन बारीक आणि गोलसर हवं. तीन, लोखंडाच्या सुया नकोत, कारण ॲल्युमिनियम-लोह-सिलिकॉनची बीटा पाती सिलिकॉनपेक्षाही लांब आणि तितकीच ठिसूळ असतात. एलएम-२५ टी-६ तिन्ही ठिकाणी पुढे आहे. त्यात सिलिकॉन ६.५ ते ७.५ टक्के, मॅग्नेशियम ०.२ ते ०.६, आणि लोखंडाची मर्यादा ०.५ टक्के. सोल्युशन ट्रीटमेंट, म्हणजे वितळू न देता तापवून ठेवणं, ५२५ ते ५४५ अंशांवर ४ ते १२ तास. एवढ्या वेळात मॅग्नेशियम विरघळतं हे तर झालंच, पण सिलिकॉनच्या सुयांचे तुकडे होऊन टोकं गोल होतात, ते आपल्या कामाला जास्त महत्त्वाचं. पुढे १५५ ते १७५ अंशांवर ८ ते १२ तास एजिंग, म्हणजे कडकपणा आणणारं दुसरं तापवणं. कास्ट अवस्थेत ६० च्या आसपास असलेला ब्रिनेल (कडकपणाचं माप) शंभरापर्यंत जातो, प्रूफ स्ट्रेस (यील्ड स्ट्रेंग्थचंच माप) ग्रॅव्हिटी डायमध्ये २२० मेगापास्कलच्या वर. एलएम-६ ला यातलं काहीच करता येत नाही, त्यात कडक करणारं मॅग्नेशियमच नाही. क्वेंच (सोल्युशननंतरचं झटपट थंड करणं) गरम पाण्यात करा, नाहीतर पंपाचा फेस वाकेल आणि मशीन शॉप तुमच्या नावाने शंख करेल.

हीट ट्रीटमेंटवर पैसे वाचवायचे म्हणून सोल्युशन टाइम दोन तासांवर आणणारे बरेच आहेत. कडकपणा बऱ्यापैकी येतो, रिपोर्ट पास होतो. पण सिलिकॉन पुरतं गोल व्हायला वेळ लागतो, विशेषतः मॉडिफिकेशन नीट झालं नसेल तर. कॅव्हिटेशनसाठी बॉडी देताय तर ब्रिनेलबरोबर सूक्ष्मदर्शकाखालचा फोटोही मागा. नुसत्या कडकपणावर भरवसा ठेवायचा नसतो. एकाच ग्रेडच्या दोन अवस्था ताडायच्या असतील तर तो चालतो, ग्रेड बदलला की फसवतो.

स्ट्राँशियमबद्दल एक सावधगिरी. १५० ते २०० पीपीएम स्ट्राँशियम टाकल्यावर सिलिकॉन तंतूंसारखं बारीक होतं, सोडियमसारखं अर्ध्या तासात उतरतही नाही. पण स्ट्राँशियम घातलेल्या मेल्टमध्ये गॅस पोरॉसिटी विखुरलेली आणि जास्त दिसते हा सार्वत्रिक अनुभव आहे. आणि पृष्ठभागालगतचं छिद्र कॅव्हिटेशनसाठी आयतं घर. त्यामुळे स्ट्राँशियम आणि डिगॅसिंग (मेल्टमधला वायू काढणं) हे जोडीनेच यायला हवं. वितळबिंदूला वितळलेल्या १०० ग्रॅम ॲल्युमिनियममध्ये ०.६९ घन सेंटिमीटर हायड्रोजन मावतो, गोठलेल्यात ०.०३६. जवळजवळ वीसपट फरक. तो वायू कुठेतरी बाहेर पडणारच. मान्सूनमध्ये ही अडचण दुप्पट होते, ओल्या इन्गॉट आणि ओल्या लॅडलपासून. रोटरी डिगॅसर असेल तर उत्तम. नसेल तर निदान प्रत्येक चार्जचा रिड्यूस्ड प्रेशर सॅम्पल (कमी दाबाखाली गोठवलेला नमुना) ओतून, मधोमध कापून, बघायची सवय लावा. बॉडी लीक टेस्टला पास होते म्हणून आतून भरीव आहे असं नाही.

पण खरी गोम इथे आहे. कटवॉटर हा तुमच्या कास्टिंगमधला सगळ्यात हळू थंड होणारा कोपरा आहे. बाहेरून डाय उष्णता खेचते, आतून वाळू खेचत नाही; आणि कटवॉटरच्या दोन्ही बाजूंना वाळूच. भर म्हणजे तिथे भिंत आणि डिस्चार्जची मान एकत्र येऊन जाड गाठ होते, रायझर (आक्रसणाऱ्या धातूला भर पुरवणारा साठा) दूर असतो. त्यामुळे डायलगत डेंड्राइटच्या (गोठताना झाडासारख्या वाढणाऱ्या स्फटिकांच्या) फांद्यांमधलं अंतर २५-३० मायक्रॉन असेल तर टोकाशी ते दुप्पट-अडीचपट भरतं, सुया त्याच प्रमाणात लांब होतात, आणि श्रिंकेजची (गोठताना आक्रसल्याने राहिलेल्या पोकळ्यांची) बारीक जाळी नेमकी फिलेटखाली बसते. म्हणजे प्रवाहाचा सगळ्यात जास्त मार ज्या जागी, त्याच जागी धातू सगळ्यात भुसभुशीत. ग्रेड कोणताही लावा, हा योगायोग तसाच राहतो. टेस्ट बारमधून (चाचणीसाठी वेगळ्या ओतलेल्या कांबीतून) काढलेले गुणधर्म सर्टिफिकेटवर छान दिसतात, त्यांचा या कोपऱ्याशी फारसा संबंध नसतो.

यावर फाउंड्रीतले उपाय आहेत आणि ते ग्रेडपेक्षा स्वस्त आहेत. कोअरच्या त्या भागात साध्या सिलिका वाळूऐवजी झिरकॉन किंवा क्रोमाइट वाळू भरा. ती उष्णता जास्त वेगाने शोषते. जागा असेल तर कोअरमध्येच लहान चिल (उष्णता खेचणारा धातूचा तुकडा) बसवा. कोअर शूटिंगनंतर बाइंडरचं प्रमाण आणि बेकिंग तपासा, कारण ओल्या किंवा जास्त रेझिनच्या कोअरमधून निघालेला वायूही इथेच अडकतो. जाड गाठीतून धातू कमी करता आला तर डिझाइनवाल्यांकडून करून घ्या. आणि बदल केल्यावर पुन्हा तोच सेक्शन कापून बघा. एक्स-रे घेतला तरी इतकी बारीक श्रिंकेज त्यात सहसा लपते.

एडीसी-१२ चा मोह मला समजतो. प्रेशर डायला सायकल टाइम कमी, किंमत कमी, कातडी बारीक दाण्यांची आणि दाट, कडकपणा न तापवता ८० च्या आसपास. पण तुमचा बंद व्होल्यूट प्रेशर डायमध्ये सँड कोअरने येत नाही. बॉडी दोन तुकड्यांत करावी लागेल, म्हणजे नवीन डिझाइनच. ते केलं तरी कातडी अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास, तिच्याखाली अडकलेली हवा. कातडी गेली, किंवा मशीनिंगने काढली, की खालची छिद्रं उघडी पडतात. नेहमीच्या प्रेशर डाय कास्टिंगला टी-६ देता येत नाही, भट्टीत फोड येतात. लोखंड १.३ टक्क्यांपर्यंत चालतं, तांबं दीड ते साडेतीन टक्के. पहिल्याने ठिसूळ पाती येतात, दुसऱ्याने कूलंटमधली गंजरोधकता घसरते. इम्प्रेग्नेशन (छिद्रांत रेझिन भरणं) करून घेऊ म्हणाल तर रेझिन गळती थांबवतं, पृष्ठभागाला आधार देत नाही.

एलएम-१३ किंवा एलएम-३० सुचवणारे भेटतील, ‘पिस्टनचा धातू आहे, झिजत नाही’ म्हणून. घासून झिजण्यात ते खरंच चांगले आहेत. एलएम-३० मधले १७ टक्के सिलिकॉनचे ठोकळेदार कण रिंगच्या घर्षणाला उभे राहतात. बुडबुड्याच्या फटक्याखाली ते तडकतात आणि गळतात. घर्षण आणि कॅव्हिटेशन हे दोन वेगळे रोग आहेत. उलट दिशेला एलएम-५ आहे, ३ ते ६ टक्के मॅग्नेशियमवाला. सिलिकॉनच्या सुया नाहीत, मार खाऊन कडक होत जातो, खाऱ्या पाण्यात टिकतो; बोटीच्या फिटिंगसाठी माझी पहिली पसंती तोच. पण तो भरायला त्रासदायक, ड्रॉस (वर येणारा ऑक्साइडचा मळ) फार, आणि दाबाखाली न गळणारी पंप बॉडी त्यात काढणं म्हणजे रिजेक्शनला आमंत्रण. कोकणात आउटबोर्ड मोटरची ॲल्युमिनियम प्रोपेलर वापरणाऱ्यांना पात्याच्या मुळाशी आणि कडेमागे पडणारी ही खरवड ओळखीची असेल. तिथे खडकावर आपटून वाकलेली कड हातोडीने सरळ केली की तिच्या मागे महिन्याभरात खड्डे दिसू लागतात. धातू तोच, आकार बिघडला एवढंच.

हार्ड ॲनोडायझिंगबद्दल स्पष्ट सांगतो, पैसे वाया जातील. थर कडक असतो, ४०० विकर्सच्या आसपास, आणि त्यामुळेच लोकांना भुरळ पडते. पण खाली एलएम-६ मऊ. मऊ गादीवर काच अंथरून वर हातोडी मारा, तसं होतं: गादी दबते, काच तडकते. त्यात १२ टक्के सिलिकॉनवर थर सलग बसतच नाही. सिलिकॉनचे कण ॲनोडाइझ होत नाहीत, थर त्यांच्या कडेकडेने वाढतो आणि आत फटी राहतात. शिवाय अरुंद व्होल्यूटच्या आत करंट नीट पोचत नाही, सगळ्यात पातळ थर नेमका कटवॉटरमागे. इलेक्ट्रोलेस निकेल आकाराने सलग बसतं, पण एखादं पिनहोल राहिलं की निकेल आणि ॲल्युमिनियमची गॅल्व्हॅनिक जोडी जमते आणि खालून पोखरणं सुरू होतं. पॉलियुरेथेन किंवा इपॉक्सीचा लवचीक लेप मार शोषतो, दुरुस्तीत मी तो वापरतो. मात्र १०० अंशांच्या कूलंटमध्ये त्याची पकड किती दिवस टिकते हा वेगळा प्रश्न. ४०४३ रॉडने टिग वेल्डिंगने भरून घासून देणं हाही तात्पुरता इलाज. टी-६ केलेल्या बॉडीत वेल्डशेजारचा भाग पुन्हा मऊ पडतो.

कूलंट विसरू नका. ॲल्युमिनियमचं रक्षण करणारा ऑक्साइडचा पापुद्रा पीएच ४ ते ८.५ च्या दरम्यान टिकतो. कूलंट बहुधा याच्या वरच्या बाजूला असतो आणि तिथे सगळी भिस्त इनहिबिटरवर (कूलंटमधल्या गंजरोधक रसायनावर) असते. बुडबुड्यांनी पापुद्रा उडवला की उघड्या ॲल्युमिनियमवर नवा थर बसायला इनहिबिटर हजर हवं. सिलिकेट किंवा सेंद्रिय आम्लवाला कूलंट ते करतो. साइटवर कूलंट कमी झाला की बोअरचं खारं पाणी ओततात, इनहिबिटर पातळ होतं आणि क्लोराइड वाढतं. मग झीज आणि गंज एकमेकांना हात देतात आणि दोघांचं एकत्र नुकसान त्यांच्या वेगवेगळ्या नुकसानींच्या बेरजेपेक्षा मोठं होतं. डिझेलवाल्यांचा एक गैरसमजही असतो: लायनर पिटिंगसाठी (सिलिंडरच्या अस्तरावर पडणाऱ्या खड्ड्यांसाठी) घातलेलं नायट्राइट ॲल्युमिनियमलाही वाचवेल. ते लोखंडासाठी आहे. कूलंटची कसोटी लागणारी चाचणी एएसटीएम या अमेरिकी मानकसंस्थेची डी-२८०९ नावाची आहे. तिच्यात ॲल्युमिनियमचाच पंप ११३ अंशांवर १०० तास चालवून त्याच्या बॉडीला दहापैकी गुण देतात, आणि कार-कूलंटच्या स्पेसिफिकेशनला किमान ८ लागतात. ग्राहक वापरत असलेल्या कूलंटचा हा आकडा विचारून घ्या. बऱ्याचदा तो कुणी विचारलेलाच नसतो.

शेवटी ग्राहकाला पटवण्यासाठी चाचणी. एएसटीएम जी-३२ मध्ये २० किलोहर्ट्झवर, ५० मायक्रॉनच्या हेलकाव्याने एक हॉर्न (कंप पावणारा धातूचा दांडा) पाण्यात थरथरतो आणि त्याखाली बुडबुड्यांचा ढग उठतो. नमुना हॉर्नच्या टोकाला लावता येतो किंवा अर्ध्या मिलिमीटरच्या फटीवर खाली स्थिर ठेवता येतो. ॲल्युमिनियमच्या कास्ट नमुन्याला आटे पाडण्याच्या भानगडीत न पडता दुसरी पद्धत घ्या. त्यामुळे नमुना टेस्ट बारमधून न घेता बॉडीच्या भिंतीतून, शक्यतो कटवॉटरलगत कोअरच्या बाजूने कापता येतो. पृष्ठभाग सारखाच पॉलिश करा, दर दहा-पंधरा मिनिटांनी काढून, वाळवून, ०.१ मिलिग्रॅमपर्यंत तोला. जुना आणि नवा नमुना एकाच दिवशी, एकाच हॉर्नवर, मध्ये निकेलचा रेफरन्स नमुना चालवून. हॉर्नचं टोकही झिजत असतं, झिजलेल्या टोकाने निकाल बदलतो. मानकात २५ अंशांचं डिस्टिल्ड पाणी आहे. एक फेरी त्यात करा, दुसरी ग्राहकाच्याच कूलंटमध्ये. तापमान वाढवताना लक्षात ठेवा की उघड्या भांड्यात मार ५०-६० अंशांच्या आसपास सगळ्यात जोराचा असतो. त्यापुढे वाफच बुडबुड्यांना उशी देते आणि झीज पुन्हा कमी होते. ९० अंशांवर चांगला निकाल आला म्हणून हुरळू नका.

निकाल मिलिग्रॅममध्ये नका देऊ, खोलीत द्या. १५.९ मिलिमीटर व्यासाच्या नमुन्यावर १० मिलिग्रॅम ॲल्युमिनियम गेलं म्हणजे सरासरी १९ मायक्रॉन गेले. स्टीलचे तेवढेच मिलिग्रॅम म्हणजे जेमतेम साडेसहा. आलेखावर दोन आकडे काढा: झीज सुरू होईपर्यंतचा वेळ आणि सगळ्यात तीव्र उतार. चांगल्या कास्टिंगमध्ये पहिला आकडा ठळकपणे लांबतो. छिद्राळ नमुन्यात तो जवळजवळ नाहीसाच होतो, मग वर टी-६ लिहिलेलं असो वा नसो.

यानंतरही आयुष्य पुरत नसेल तर कटवॉटरच्या जागी स्टेनलेसचा इन्सर्ट ओतून घेणं किंवा बोल्टने बसवणं हा मार्ग उरतो. गॅल्व्हॅनिक जोडीमुळे तिथे इनहिबिटर अजूनच सांभाळावं लागेल. पण मला वाटतं तुमच्या प्रकरणात तिथवर जायची पाळी येणार नाही, कॅप आणि पुलीने वेगळं काही सांगितलं नाही तर. ड्रॉइंगवर नुसतं ‘एलएम-२५ टी-६’ लिहून घेऊ नका. कटवॉटरच्या टोकापासून १५ मिलिमीटरचा पट्टा वेगळा दाखवा आणि तिथे लिहा: फिन नको, टोकाची गोलाई किमान दीड मिलिमीटर, सेक्शनमध्ये दहापट भिंगाखाली उघडं छिद्र नको, सिलिकॉन मॉडिफाय झालेलं आणि गोलसर, लोखंड ०.३ टक्क्यांच्या आत. प्राथमिक इन्गॉट घेतला तर लोखंडाची अट जमते; स्क्रॅपमधून केलेल्या धातूत नाही जमणार, तेव्हा दर ठरवताना ते आधीच धरा.